गारठ्यात सायकलची वाट चुकली तर
डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी पहाटे कधीकधी दवबिंदू गोठतात. अशा दिवसांत माउंटन बाईक घेऊन डोंगरात गेलात आणि वाट चुकलात, तर मला अंधारापेक्षा घामाची भीती जास्त वाटते. चढावर भिजलेला सुती बनियन थांबल्याबरोबर अंगाला गार चिकटतो. उतारावर वारा लागला की बोटं आखडतात, ब्रेक नीट दाबला जात नाही. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की बोलणं अडखळतं, निर्णयही चुकायला लागतात. म्हणून हुडहुडी भरताच थांबा. ओला कपडा बदला, कानटोपी घाला, गूळ-शेंगदाणे खा. 'खाली उतरलं की गाव लागेलच' म्हणून अनोळखी घळीत मात्र शिरू नका; सह्याद्रीत अशी वाट पुष्कळदा कड्यावर जाऊन संपते. शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे फिरा. ते जमत नसेल तर वाऱ्याच्या आडोशाला एकाच जागी बसा. मोबाईल अंगाजवळ ठेवा, थंडीत बॅटरी लवकर उतरते. मदतीसाठी ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावा. शिट्टी असेल तर मिनिटभरात ६ वेळा वाजवा, मिनिटभर थांबा, पुन्हा वाजवा.