पहाटे पळणाऱ्या पोरी



पाचोऱ्याला येणाऱ्या रस्त्यांवर हल्ली पहाटे पाचला पोरी पळताना दिसतात. बऱ्याच जणी पोलीस भरतीच्या तयारीत असतात. तिथे मुलींना 800 मीटर धावावं लागतं. आमच्या बचत गटात हा विषय निघाला तेव्हा एक आजी म्हणाल्या, "माय, पोरीच्या जातीला इतकं पळणं झेपायचं नाही." खोटं कशाला सांगायचं, आम्हीही माना हलवल्या.

ही समजूत एकेकाळी मोठमोठ्या शहाण्यांचीही होती. 1928 च्या ऑलिम्पिकमध्ये बायका 800 मीटर धावल्या. शर्यत संपल्यावर काही जणी दमून खाली बसल्या, तर ती शर्यतच बायकांना 1960 पर्यंत बंद! पुरुष दमला तर पराक्रम, बाई दमली की बंदी. 42 किलोमीटरची मॅरेथॉन त्यांना ऑलिम्पिकमध्ये मिळाली ती 1984 साली.

आपल्याकडे पुण्याची मॅरेथॉन 1983 पासून, मुंबईची 2004 पासून. मुंबईत लांब शर्यतींच्या जोडीला सहा-सात किलोमीटरची एक धाव ठेवली. तिथे नंबराची चिंता नाही, म्हातारेकोतारेही निघाले. मग गावोगावी अशा स्पर्धा होऊ लागल्या.

आणि आपल्या बायका? नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची आदिवासी मुलगी कविता राऊत अनवाणी पळायला लागली. 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरला तिनं कांस्यपदक आणलं, पुढे 2016 च्या ऑलिम्पिकची मॅरेथॉन धावली. बारामतीच्या लता करे तर साठी ओलांडलेल्या, शेतमजुरी करणाऱ्या. नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून नऊवारीतच ज्येष्ठांची तीन किलोमीटरची शर्यत पळाल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनीच काम केलं.

हे सगळं गटात बोललो, तेव्हा कापूस वेचताना दिवसभर आपले पाय किती चालतात, तेही आठवलं. झेपण्याचा प्रश्न नव्हताच. प्रश्न अंधाराचा होता, ट्रकांचा होता, टोमणे मारणाऱ्यांचा होता.

आता आम्ही पाळ्या लावल्या आहेत. रोज दोघी जणी बॅटरी घेऊन पोरींबरोबर जातात. पोरींनी फिक्या रंगाचे कपडे घालायचे, समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं पळायचं, आधी थोडं चालून अंग मोकळं करायचं. उपाशी राहायचं नाही. परत आल्यावर कळण्याची भाकर असतेच.

त्या आजींची पाळी गुरुवारी असते. पोरी पळतात, त्या पुलापर्यंत चालतात. मागच्या गुरुवारी शेवटचे दहा पावलं त्याही पळाल्या म्हणे. आम्ही विचारलं, तर म्हणाल्या, "कुत्रं मागे लागलं होतं!"