न्याहारीच्या वेळचं स्वप्न



सकाळी उठून कुणी म्हणालं, "काल एक विचित्र स्वप्न पडलं," तर आपल्या घरांत दोनच उत्तरं मिळतात. एक म्हणजे "मनी वसे ते स्वप्नी दिसे". दुसरं, "पहाटेचं होतं का?" पहिलं स्वप्नाला मोडीत काढतं, दुसरं त्याचं भविष्य करतं. चहा गार व्हायच्या आत विषय संपतो.

याहून वेगळ्या उत्तराची एक गोष्ट पाहा. मलेशियाच्या डोंगरी जंगलात सेमाई आणि तेमियार हे आदिवासी समाज राहतात. दोघंही सेनोई समूहात मोडतात. 1930 च्या दशकात किल्टन स्टीवर्ट नावाचा अमेरिकन तिथे जाऊन आला आणि 1951 साली त्याने एक लेख लिहिला. त्यात त्याने सांगितलं की सेनोईंच्या घरी न्याहारीच्या वेळी जणू स्वप्नांचा दवाखाना भरतो. पोर म्हणतं, "मी वरून पडत होतो, घाबरून जागा झालो." बाप सांगतो, "वा! पुढच्या वेळी जागा होऊ नकोस, खाली काय आहे ते बघून ये." स्टीवर्टच्या मते, या सवयीमुळे त्या लोकांत शतकानुशतकं हिंसक गुन्हाच घडला नव्हता. हा लेख 1969 साली चार्ल्स टार्ट यांच्या, जाणिवेच्या बदललेल्या अवस्थांवरच्या गाजलेल्या संग्रहात आला आणि अमेरिकेत 'सेनोई पद्धती'ची स्वप्नशिबिरं भरू लागली.

मीही तो लेख प्रथम वाचला तेव्हा भारावलो होतो, हे कबूल करतो.

मात्र मानवशास्त्रज्ञ रॉबर्ट डेंटन सेमाईंमध्ये आणि जेफ्री बेंजामिन तेमियारांमध्ये दीर्घकाळ राहिले, त्यांची भाषा बोलले. त्यांना असा दवाखाना कुठे दिसला नाही. 1985 साली मानसशास्त्राचे अभ्यासक विल्यम डॉमहॉफ यांनी सगळा पुरावा तपासून पुस्तकच लिहिलं. सेनोईंना स्वप्नांचं मोल आहे, पण मुलाला स्वप्न 'सुधारायला' शिकवणं ही गोष्ट तिथली नव्हे. मन हवं तसं घडवता येतं, हा अमेरिकेचा जुना विश्वास आहे; तो स्टीवर्टने जंगलात पाहिला. मनी वसे ते स्वप्नी दिसे! आणि हिंसाच नसल्याच्या या कथेला एक काळी किनार आहे. स्टीवर्टला तिथे नेणारे ब्रिटिश अभ्यासक पॅट नून यांनी तेमियार बाईशी लग्न केलं होतं. जपानी अंमलात ते जंगलात नाहीसे झाले. त्यांच्या भावाने पुढे शोध घेतला, तेव्हा कळलं की एका तेमियार सोबत्यानेच त्यांना मारलं होतं.

मग तिथे खरोखर आहे काय? मला हा भाग दंतकथेपेक्षा जास्त रोचक वाटतो. तेमियारांच्या समजुतीप्रमाणे झोपेत माणसाचा आत्मा भटकतो आणि त्याला झाडाचा, डोंगराचा, फळाचा आत्मा भेटतो. तो म्हणतो, "मला तुझं मूल व्हायचंय, तू माझा बाप हो." नातं जुळलं की तो गाणं देतो. पुढे रात्रीच्या विधीत तो माणूस ते गाणं म्हणतो. बायका बांबूच्या नळ्या ओंडक्यावर आपटत मागून एकेक ओळ उचलतात. जागरणात झील धरतात ना, तसंच. त्या ठेक्यात नाचणाऱ्यांचं भान हरपतं आणि आजाऱ्यावर उपचार होतो. मरीना रोझमन यांनी ही गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यांच्या एका लेखाच्या शीर्षकात तर डबाबंद सार्डिन माशाचा आत्मा माइक हातात घेतो! बाजार जंगलात पोचला, तसा तो स्वप्नातही पोचला.

हे भान हरपणं विलक्षण वाटेल, पण मानवशास्त्रज्ञ एरिका बुर्गिन्यों यांनी 1973 साली 488 समाजांची माहिती तपासली, तेव्हा त्यांतल्या 437 समाजांत भान बदलण्याची काही ना काही रूढ रीत सापडली. खंडोबाच्या जागरणात अंगात आलेलं पाहणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

गाणं देणारं स्वप्न आपल्याकडेही आहे. नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि त्यांनी कवित्वाची आज्ञा केली, असं तुकोबा स्वतः सांगतात. गुरुमंत्रही त्यांना बाबाजी चैतन्यांकडून स्वप्नातच मिळाला. फरक पाहा. तेमियाराच्या स्वप्नात येणारा लेकरू होतो, आपल्या स्वप्नात येणारा गुरू. तिथे स्वप्न पाहणाऱ्यावर पोर सांभाळायची जबाबदारी येते. इथे त्याच्यावर ऋण चढतं. समाज नातं ज्या घाटात ओळखतो, त्याच घाटात स्वप्न येतं.

आणि ते खरं ठरतं की नाही, हे सकाळी ऐकणाऱ्यांवर असतं. संत बहिणाबाईंचं पाहा. ब्राह्मण घरची बाई, गुरू मानला शूद्र तुकोबांना, तोही स्वप्नात. तिथे कुणाची परवानगी काढावी लागली नाही. ही गोष्ट कळल्यावर नवरा भडकला, त्याने मारझोड केली. हे त्यांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगितलंय. पुढे तो आजारी पडला, नरमला, आणि दोघं देहूला गेले.