पांखरांचें ताट आणि खारीचा वाटा

पांखरांना दाणे घालण्याची चाल आपल्याकडे नवी नाहीं. जेवणापूर्वीं काकबळी काढून ठेवावा, धान्य निवडतांना खालीं पडलेली कणी चिमण्यांकरितां अंगणांत टाकावी, उन्हाळ्यांत पाण्यानें भरलेलें परळ गच्चीवर ठेवावें, ह्या गोष्टी महाराष्ट्रांतील घरांत पिढ्यान् पिढ्या होत आल्या. त्यांत हिशेब नव्हता. चिमणीनें खाल्लें काय आणि खारीनें नेलें काय, घालणाराचें पुण्य सारखेंच, अशी समजूत होती. परंतु जेथें दाणे घालणें हा धर्म न राहतां छंद झाला, त्याकरितां खास पात्रें तयार झालीं, आणि कोणतें पांखरूं केव्हां आलें ह्याची टिपणवही लोक ठेवूं लागले, तेथें खार ही आगंतुक ठरली. तिला दूर कसें ठेवावें हा प्रश्न मुख्यत्वें अमेरिकेंतील व इंग्लंडमधील परसांतला आहे. तथापि त्याच्या उत्तरांत आपल्या स्वयंपाकघरांतील तीन जिनसा येऊन बसल्या आहेत. म्हणून ही हकीकत मराठी श्रोत्यांनीं ऐकण्यासारखी आहे.

प्रथम दाण्यांची गरज किती खरी आहे तें पाहावें. उत्तर अमेरिकेंत चिकडी नांवाचें एक पांखरूं आहे. डोकें काळें, गाल पांढरे, वजन सुमारें तोळाभर. हें पांखरूं हिवाळ्यांत स्थलांतर करीत नाहीं. बर्फानें झांकलेल्या झाडांतच तें दिवस काढतें आणि लांबलचक रात्रीं पुरेल इतकी चरबी त्याला रोज दिवसाउजेडीं मिळवावी लागते. विस्कॉन्सिन संस्थानांत ह्या पांखरांचा अभ्यास झाला; त्याचे निष्कर्ष १९८८ सालीं प्रसिद्ध झाले. जेथें दाण्यांचीं पात्रें होतीं तेथें शेंकडा ६९ चिकडी हिवाळा पार करून वांचलीं. जेथें नव्हतीं तेथें शेंकडा ३७ वांचलीं. हा फरक मुख्यतः कडाक्याच्या थंडीच्या महिन्यांतच दिसला. सारांश, पात्रांतले मूठभर दाणे म्हणजे केवळ करमणूक नव्हे. लहानशा जिवाची ती एका रात्रीची शिदोरी असते. ती शिदोरी कोणी भलत्यानेंच नेली तर घालणाराला वाईट वाटणें स्वाभाविक आहे.

ती नेणारी बहुधा राखी खार असते. आपल्याकडील खार हातांत मावते. ही तिच्या चौपट-पांचपट, सुमारें अर्धा किलो वजनाची असते. तिच्या मागल्या पायांचे घोटे उलट फिरतात, त्यामुळें झाडावरून ती डोकें खालीं करून सरळ उतरते. तिचे पुढचे दांत जन्मभर वाढत राहतात. तेव्हां लांकूड किंवा प्लास्टिक कुरतडणें हें तिला कामच नव्हे. शरदृतूंत ती एक-एक फळ निरनिराळ्या जागीं पुरून ठेवते. तें ती केवळ वासावर शोधीत नाहीं. स्वतः पुरलेल्या जागा तिच्या स्मरणांत राहतात, असें १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत दिसून आलें. अशा प्राण्याला एकदां दाण्यांचें पात्र ठाऊक झालें म्हणजे तें विसरलें जाणार नाहीं, हें उघड आहे. शिवाय खार पात्रावर बसली कीं बराच वेळ हालत नाहीं, आणि ती बसली असतां लहान पांखरूं जवळ येत नाहीं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच प्रकार.

मौज अशी कीं, अमेरिकेंतील शहरांत ही खार आपण होऊन आली नाहीं. तिला माणसांनींच आणलें. १८४७ सालीं फिलाडेल्फिया शहरांतील फ्रँकलिन चौकाच्या बागेंत तीन खारी सोडण्यांत आल्या. त्यांना खाऊ मिळे, राहावयास पेट्या मिळत. मुलांना त्या पाहून आनंद होई. पुढें इतर शहरांनीं हाच कित्ता गिरविला आणि १८७७ सालीं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्येंही खारी सोडल्या गेल्या. आज परसदारीं जी चोर म्हणून हुसकली जाते तिची पूर्वज एके काळीं पाहुणी म्हणून बोलावलेली होती.

आतां उपायांकडे वळूं. पहिला उपाय जागेचा. ही खार जमिनीवरून सुमारें पांच फूट उंच उडी घेते, आडवी आठ-दहा फूट झेपावते आणि त्याहूनही उंचावरून बेधडक खालीं उतरते. म्हणून पात्र झाडाला टांगूं नये. गुळगुळीत लोखंडी खांबावर ठेवावें आणि तो खांब झाड, भिंत, कुंपण ह्यांपासून दहा फुटांहून अधिक दूर रोवावा. खांबावर, जमिनीपासून सुमारें पांच फुटांवर, पालथ्या परातीसारखा पत्र्याचा रुंद शंकु किंवा धुराड्याच्या नळाचा दोन फुटी तुकडा, वरचें तोंड बंद करून, बसवावा. खार खांबावरून चढत येते, नळाच्या आंत शिरते आणि वाट खुंटली म्हणजे परत फिरते. शंकु असेल तर त्याच्या कडेला तिची नखें टिकत नाहींत. ह्या साध्या पत्र्याइतका भरंवशाचा उपाय दुसरा नाहीं; मात्र उंची आणि अंतर ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं साधल्या पाहिजेत. एक चुकली कीं दुसरी फुकट.

दुसरा उपाय वजनाचा. पात्राची दांडी स्प्रिंगेवर बसवितात. तोळा-दोन तोळ्यांचें पांखरूं बसलें तर दाण्यांचीं भोकें उघडीं राहतात; अर्ध्या किलोची खार बसली कीं दांडी खालीं जाते आणि पडदा सरकून भोकें बंद होतात. एवढें केलें तरी कित्येक खारी मागल्या पायांनीं छपराला लोंबकळून, दांडीवर भार न देतां, दाणे काढतात. माणूस शेर तर खार सव्वाशेर.

तिसरा उपाय अन्नाचा, आणि येथेंच आपल्या घरच्या जिनसा येतात. सूर्यफुलाचें बीं आणि शेंगदाणे हे खारीचे अत्यंत आवडते पदार्थ. त्यांच्या ऐवजीं करडई घातली तर अनेक खारी तिच्याकडे पाठ फिरवितात. तिचें कवच कठीण आणि आंतील गर कडवट लागतो. कार्डिनल नांवाचें तांबडें पांखरूं मात्र ती आनंदानें फोडून खातें. सोलापूरकडच्या काळ्या जमिनींत जी करडई तेलाकरितां पेरतात, तीच तेथें पांखरांच्या ताटांत पडते.

दुसरी जिनस कारळे. हें पीक मूळचें इथिओपियाकडील. पण आपल्याकडेही डोंगर-उतारावरील हलक्या जमिनींत पुष्कळ काळापासून होत आलें आहे, आणि कारळ्यांची चटणी ठाऊक नाहीं असें मराठी घर विरळा. ह्या बारीक काळ्या बियांवर अमेरिकेंतील पिवळें गोल्डफिंच पांखरूं फार लुब्ध असतें. पात्राचीं भोकेंही इतकीं बारीक ठेवतात कीं टोंकदार चोंच तेवढी आंत जावी; खारीला ह्या अन्नाची फारशी गोडी नसते. ही मागणी पुरविण्याकरितां हिंदुस्थानांतून आणि इथिओपियांतून कारळे अमेरिकेस जातात. त्यांच्याबरोबर अमरवेलीचें बीं येऊन तेथील शेतांत माजूं नये म्हणून ते सुमारें १२० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत पंधरा मिनिटें तापविले जातात. मगच त्यांना त्या देशांत प्रवेश मिळतो.

तिसरी जिनस मिरची, आणि हिचें शास्त्र तर फारच मनोरंजक आहे. मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन नांवाच्या द्रव्यामुळें येतो. सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंत उष्णता ओळखणारें एक प्रथिन असतें. कॅप्सेसिन त्यालाच चाळवतें, म्हणून तोंड भाजल्याचा भास होतो. डेव्हिड ज्युलियस ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९९७ सालीं हें प्रथिन शोधून काढलें आणि २०२१ सालीं तो नोबेल पारितोषिकाचा एक मानकरी झाला. पांखरांच्या अंगीं त्याच जातीचें जें प्रथिन असतें त्याला मात्र कॅप्सेसिनची जाणीव होत नाहीं, असें २००२ सालीं दाखविण्यांत आलें. म्हणूनच पोपट मिरची पेरूप्रमाणें खातो. निसर्गानें हा भेद उगाच ठेवलेला नाहीं. ॲरिझोनांतील रानमिरचीवर झालेल्या आणि २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, उंदरांच्या जातीचे प्राणी तिखट मिरची टाळतात आणि पांखरें ती खाऊन तिचें बीं दूरवर, उगवण्याजोग्या स्थितींत, टाकतात. झाडानें आपला वाहक निवडला आणि चोराला तिखट लावून परतविलें!

पांखरांच्या दाण्यांना मिरचीचें तेल किंवा पूड चोळावयाची युक्ति ह्याच तत्त्वावर आधारलेली आहे. मिरची मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांच्या हातून ती सोळाव्या शतकांत गोव्यास आली आणि मराठी जेवणांत कायमची बसली. तथापि ह्या युक्तींत दोन दोष आहेत. सुटी पूड वाऱ्यानें उडून दाणे भरणाराच्या डोळ्यांत जाते; आणि खारीच्या पंजाला लागून तिच्या डोळ्यांत गेली तर त्या मुक्या जिवास जी आग होते ती शिक्षा गुन्ह्याच्या मानानें फार होते.

ह्यावरून एका महत्त्वाच्या विवेकाकडे यावें लागतें. आडकाठी करणें वेगळें आणि इजा करणें वेगळें. खांबाला तेल किंवा ग्रीस फांसणें हा अनेकांना सुचणारा उपाय वर्ज्य मानला पाहिजे. तें ग्रीस खारीच्या केसांत आणि पांखरांच्या पिसांत बसतें. मग थंडी आणि पाऊस अडविण्याची त्यांची शक्ति नष्ट होते. ज्यांच्यासाठीं खटाटोप केला तींच पांखरें त्यानें मरतात. पिंजऱ्यांत पकडून खार दूरच्या रानांत सोडावी, हा उपाय दयाळूपणाचा दिसतो. पण दिसतो तसा नसतो. मेरीलँड संस्थानांत वस्तींतल्या ३८ खारी मोठ्या अरण्यांत सोडून त्यांच्यावर लक्ष ठेवण्यांत आलें. तीन महिन्यांच्या आंत त्यांतील बहुतेक सर्व मेल्या किंवा त्या अरण्यांतून नाहींशा झाल्या. परक्या रानांत साठा नाहीं, घरटें नाहीं, ओळखीची वाट नाहीं. तेथें सोडणें म्हणजे बहुधा मरणाच्या दारांत सोडणें होय.

प्राणी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं नेण्याचे परिणाम इंग्लंडनें चांगलेच भोगले आहेत. १८७६ सालीं चेशायर परगण्यांतील हेनबरी पार्क येथें अमेरिकेंतील राखी खार शोभेकरितां सोडण्यांत आली. तिनें तेथील मूळच्या तांबड्या खारीला बहुतेक प्रदेशांतून हुसकून लावलें; शिवाय तिच्याबरोबर देवीसारखा एक रोग आला, जो तिला फारसा बाधत नाहीं पण तांबड्या खारीचा प्राण घेतो. १९३७ सालीं राखी खार आणण्यास व पाळण्यास कायद्यानें बंदी झाली. तोंपर्यंत उशीर झाला होता. आपल्या देशांतील पांच पट्ट्यांची खारही अशीच परदेशीं गेली आहे. १८९८ सालीं ऑस्ट्रेलियांतील पर्थच्या प्राणिसंग्रहालयांतून ती बाहेर पडली आणि त्या परिसरांत स्थायिक झाली.

आणि दोष केवळ खारीचाच नाहीं. पुष्कळ जीव एका ताटावर आले म्हणजे रोगही ताटावर येतो. इंग्लंडमध्यें २००५ पासून ग्रीनफिंच पांखरांत घशाचा एक रोग पसरला. पांखराला गिळतां येत नाहीं, आणि त्याच्या तोंडांतून पडलेल्या ओल्या दाण्यांतून व पाण्यांतून तो दुसऱ्याला होतो. त्या रोगानें ह्या जातीची संख्या फार घटली. म्हणून पात्र वरचेवर धुवून वाळविणें, जुने दाणे फेंकणें आणि आजारी पांखरूं दिसल्यास कांहीं काळ दाणे बंद ठेवणें, हा खार हांकण्यापेक्षांही मोठा नियम होय.

आतां आपल्या अंगणापुरतें पाहूं. येथील खार, जिला कोठें चानी तर कोठें खारोटी म्हणतात, सुमारें शंभर ग्रॅम वजनाची असते. होला जवळजवळ तेवढाच भरतो आणि पारवा तिच्या तिप्पट. म्हणून वजनाच्या दांडीची विलायती युक्ति येथें निरुपयोगी. दांडी खारीला अडवील त्या आधीं होल्यालाच अडवील. पत्र्याचा शंकु मात्र येथेंही उपयोगी पडतो. परंतु त्याहून मूळचा प्रश्न असा कीं, आपल्या पांखरांना दाण्यांची तितकी निकड आहे काय? येथें बर्फ पडत नाहीं. विस्कॉन्सिनच्या चिकडीचें संकट आपल्या चिमणीवर येत नाहीं. तिची अडचण निराळी आहे. घरट्याला वळचण नाहीं, पिलांना किडे नाहींत, वैशाखांत पाणी नाहीं. शहरांत ढीगभर धान्य ओतलें तर चिमण्यांपेक्षां पारवेच अधिक जमतात. आणि तो प्रश्न किती चिघळतो हें मुंबईंतील कबुतरखान्यांचा वाद २०२५ सालीं उच्च न्यायालयापर्यंत गेला त्यावरून सर्वांस ठाऊक आहे.

म्हणून आपल्याकडील घरांनीं दाण्यांपेक्षां पाण्याचें उथळ परळ, एखादी लांकडी घरट्याची पेटी आणि परसांत पेरू, उंबर किंवा जास्वंद अशीं झाडें ह्यांवर भर द्यावा. झाड हें असें पात्र आहे कीं त्यावर खार आणि पांखरूं ह्यांचें भांडण फारसें होत नाहीं. पिकलें फळ एकाचें, कीड दुसऱ्याचें, फुलांतला मध तिसऱ्याचा. पेटी मात्र खारीची उडी पोंचणार नाहीं अशा जागीं लावावी, कारण संधि मिळाल्यास ती अंडींही खाते.

सेतु बांधतांना वाळूचे कण आणणाऱ्या खारीची कथा प्रत्येक मराठी मुलानें ऐकलेली असते, आणि लहानशा मदतीला आपण खारीचा वाटा म्हणतों. त्या कथेंत खारीनें वाटा दिला. परसांत ती तो मागते. ज्याला तो द्यावयाचा नसेल त्यानें पत्रा लावावा, अंतर मोजावें, करडई घालावी. परंतु एवढें करूनही एखादी खार वर पोंचलीच, तर त्या दिवसापुरता तिचा वाटा तिला द्यावा आणि दुसऱ्या दिवशीं खांब दोन फूट पुढें सरकवावा, हेंच गृहस्थाला शोभणारें होय.