भुसा आणि श्वास
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



 मी मॅट्रिक झालेला एक सामान्य निवृत्त शिक्षक. प्रभु विश्वकर्म्याचा आणि आपल्या कुलपरंपरेचा महिमा सांगणारे विद्वान वक्ते या व्यासपीठावर दरवर्षी येतात. माझा तो अधिकार नाही. मला आज भुशाविषयी बोलावयाचे आहे. विषय ऐकून काही जणांच्या मुखावर हसू उमटलेले मला दिसते, आणि ते साहजिकही आहे. सुताराच्या घरी भुसा असावयाचाच. त्यावर भाषण ते कसले? परंतु हा विषय माझ्या घरातून आलेला आहे, म्हणून क्षणभर धीर धरावा, ही विनंती.

माझे वडीलबंधू अण्णा सातवीत असताना आमचे वडील वारले. घरात खाणारी तोंडे पाच. अण्णांनी दप्तर खुंटीस टांगले आणि वडिलांचा वाकस हाती घेतला. नांगर, तिफण, बैलगाडी, दारे, चौकटी, जे काम येईल ते त्यांनी केले, आणि त्यातूनच माझी फी व वह्यापुस्तके निघाली. मी मॅट्रिक झालो तो अण्णांच्या करवतीवर. पुढे गावात ट्रॅक्टर आले, लाकडी नांगर गेले. अण्णा कपाटे आणि पलंग करू लागले. घराच्या पडवीत विजेची करवत आली, मागून पॉलिश पेपर फिरविणारे यंत्र आले. काम चौपट वाढले आणि त्याबरोबर अण्णांचा खोकलाही वाढला. विडी-तंबाखूस त्यांनी जन्मात स्पर्श केला नव्हता. तीन वर्षांपूर्वी त्यांना शहरातील डॉक्टरांकडे नेले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, “बाबा, धंदा कोणता?” तपासण्या झाल्यावर ते म्हणाले की, वर्षानुवर्षांच्या धुळीने फुप्फुसे दुबळी झाली आहेत, गेलेली शक्ती परत यावयाची नाही, उरलेली राखा. आज अण्णा दहा पावले चालले की भिंतीस हात टेकून उभे राहतात.

बंधूंनो, मी तीस वर्षांहून अधिक काळ मुलांस श्वसनसंस्थेचा पाठ शिकविला. फळ्यावर फुप्फुसांची आकृती काढली. आणि सायंकाळी घरी येऊन त्याच पडवीत, त्याच धुळीत, अण्णांच्या शेजारी बसून चहा घेतला. “अण्णा, ही धूळ बरी नव्हे,” एवढे चार शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. ज्याच्या श्रमावर मी शिकलो, त्याच्या उपयोगी माझे शिक्षण पडले नाही. माझे आजचे भाषण हे त्या मौनाचे प्रायश्चित्त समजावे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. आपले आजे-पणजे जन्मभर लाकडात राहिले आणि कित्येक जण ऐंशी वर्षे जगले, मग आजच धुळीची भीती का, असे कोणी विचारील. याचे उत्तर हत्यारात आहे. रंध्यातून छिलके निघतात आणि हातकरवतीतून निघणारा भुसा बराचसा जाड असतो. तो वजनाने पायाशी पडतो. यंत्राची करवत आणि विशेषतः पॉलिशचे यंत्र लाकडाचे पीठ करते, आणि ते पीठ हवेत तरंगत राहते. मनुष्याच्या केसाची जाडी सुमारे 70 मायक्रॉन असते. 10 मायक्रॉनहून बारीक कण नाक चुकवून खाली उतरू लागतात आणि त्याहूनही सूक्ष्म कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. यंत्र थांबले तरी असे कण कित्येक तास खाली बसत नाहीत. जो भुसा आपण केरसुणीने लोटतो, त्यापासून भय थोडे. जो डोळ्यांस दिसत नाही, तोच घातक. पडवीत उन्हाचा कवडसा येतो, त्यात नाचणारे कण पाहा. ते केवळ कवडशातच असतात असे नव्हे. सारी पडवी त्यांनी भरलेली असते.

इंग्लंडात हाय विकम नावाचे खुर्च्या बनविणाऱ्यांचे प्रसिद्ध गाव आहे. तेथील कान-नाक-घशाच्या डॉक्टर एस्मे हॅडफिल्ड यांच्या ध्यानात आले की, नाकाच्या आतील एक अत्यंत विरळ कर्करोग लाकूडकाम करणाऱ्यांत पुनःपुन्हा आढळतो. त्यांचे व त्यांच्या सहकाऱ्यांचे निष्कर्ष 1968 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. 1995 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीस मनुष्यास निश्चितपणे कर्करोगकारक ठरविले. हा रोग विरळ आहे, घाबरून धंदा सोडण्याचे कारण नाही. परंतु दमा, जुनाट खोकला आणि नाक वाहणे हे तितके विरळ नाहीत. सागवान आणि शिसव यांच्या धुळीने काहींच्या अंगास खाज सुटते. एमडीएफच्या तक्त्यात तर भुग्याबरोबर फॉर्माल्डिहाइडयुक्त राळही असते.

युरोपीय संघाने 2023 पासून कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा एका घनमीटर हवेत 2 मिलिग्रॅम, आठ तासांच्या सरासरीने, अशी ठेवली आहे. शिक्षकाच्या खोडीस अनुसरून एक हिशेब मांडतो. बारा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशा खोलीत सुमारे 34 घनमीटर हवा मावते. म्हणजे साऱ्या खोलीत मिळून 68 मिलिग्रॅम धूळ झाली की मर्यादा गाठली. मिठाची चिमूट याहून अधिक भरेल!

उपाय काय? माझा पुतण्या आता तोच धंदा त्याच पडवीत करतो. त्याच्यासह जे केले, तेच क्रमाने सांगतो.

पहिला उपाय, धूळ मुळातच कमी करणे. जेथे रंध्याने सफाई होते तेथे यंत्राने घासू नये.

दुसरा उपाय, धूळ जन्मते तेथेच तिला धरणे. आम्ही एक जुना व्हॅक्यूम क्लीनर घेतला आणि मध्ये रंगाची रिकामी, मजबूत बादली घट्ट झाकणासह बसविली. यंत्राकडून येणारी नळी झाकणाच्या कडेने आत घेऊन तिचे तोंड बादलीच्या भिंतीलगत वळविले. व्हॅक्यूमकडे जाणारी नळी झाकणाच्या मध्यावर लावली. सांधे सिलिकॉनने बुजविले. आत येणारी हवा भोवऱ्यासारखी फिरते, जड भुसा भिंतीकडे फेकला जाऊन तळाशी बसतो, आणि व्हॅक्यूमची गाळणी लवकर तुंबत नाही. मात्र सूक्ष्म धूळ साध्या पिशवीतून पुन्हा बाहेर पडते. म्हणून हेपा जातीची गाळणी घालावी, अथवा व्हॅक्यूम बाहेर ठेवून त्याची हवा माणसांच्या वाटेपासून दूर सोडावी.

तिसरा उपाय, वाऱ्याची वाट. डोक्यावरचा पंखा धूळ केवळ घुसळतो. एका बाजूने स्वच्छ हवा यावी आणि समोरच्या खिडकीतील बाहेर फेकणाऱ्या पंख्याने धुळीची हवा जावी. उदबत्ती लावून पाहावी. धूर आपल्या नाकाकडे येत असेल तर कामाची जागा बदलावी.

चौथा उपाय, तोंडावरची पट्टी. रुमाल सूक्ष्म धूळ अडवीत नाही. एन-95 जातीची पट्टी नाकावर घट्ट बसवून घालावी. दाढी असेल तर ती नीट बसत नाही. यंत्र बंद होताच ती काढू नये, कारण हवा अजून निवळलेली नसते.

पाचवा उपाय घरच्यांसाठी. कोरडी केरसुणी आणि हवेचा फवारा दोन्ही वर्ज्य. ओल्या फडक्याने पुसावे. कामाचे कपडे पडवीतच उतरावेत. माझा पुतण्या पूर्वी अंगावरची धूळ फवाऱ्याने उडवून तसाच आत येई आणि लहान मुलीस उचलून घेई. अण्णांनी तर धूळ पोटासाठी सोसली. त्या पोरीने ती कशासाठी सोसावी?

याशिवाय आगीचे भान ठेवावे. भुशाजवळ लोखंड घासून ठिणग्या पाडू नयेत. जवसाच्या तेलाच्या चिंध्या चोळामोळा करून टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेतात. त्या बाहेर पसरून वाळवाव्यात.

आरंभी पुतण्याने कुरकुर केली. गिऱ्हाइके हसतात, पट्टीत गुदमरते, अशी त्याची तक्रार होती. मी वाद घातला नाही. रात्री दिवे मालवून त्यास यंत्र चालवावयास सांगितले आणि विजेरीचा झोत आडवा धरला. झोतात जे दिसले ते पाहून तो मुकाट्याने पट्टी शोधू लागला. दाराशी अण्णा बसले होते. “भुशाला भिणारा सुतार कसला?” असे एके काळी तेच म्हणत. त्या रात्री ते म्हणाले, “मास्तर, ही विजेरी तीस वर्षे आधी आणावयाची होती.” मजजवळ उत्तर नव्हते.

बंधूंनो, खंडेनवमीस आपण करवत, रंधा, पटाशी पुसून मांडतो आणि त्यांस हळदकुंकू वाहतो. ज्यावर आपले पोट चालते त्याची ती पूजा होय. माझी एवढीच विनंती आहे की, यंदापासून त्या पाटावर नाकावरची पट्टी आणि ती भुशाची बादलीही मांडावी. हत्यार बोथट झाले तर पुन्हा पाजळता येते. फुप्फुसास सहाण नाही.