बंद पडलेल्या प्रवाळ-टाकीचा पुनरारंभ



या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय ऐकता, इतिहास ऐकता, अर्थकारण ऐकता. त्या पंगतीत माशांच्या काचटाकीला पाट कशासाठी, अशी शंका आपल्यापैकी कोणाच्या मनात आली असेल तर ती वावगी नाही. परंतु विषय वाटतो तितका लहान नाही. ज्या जिवांना आपण त्यांच्या ठिकाणाहून आपल्या दिवाणखान्यात आणतो, त्यांच्या जगण्याची हमी आपण कशाच्या बळावर देतो? बंद पडलेली टाकी पुन्हा सुरू करताना या प्रश्नाचे उत्तर नव्याने द्यावे लागते.

हा छंद जुना आहे. 1846 साली अ‍ॅना थिन या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरची काही पोवळी लंडनला आपल्या घरी नेली. पंप नव्हता, वीज नव्हती. घरची मोलकरीण ते समुद्राचे पाणी उघड्या खिडकीशी उभी राहून एका भांड्यातून दुसऱ्यात ओतीत असे, म्हणजे त्यात हवा मिसळे. पुढे 1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले, आणि 1951 साली मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय. 1961 साली जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. समुद्रातले जिवंत खडक टाकीत मांडायचे, हवेचे बुडबुडे सोडायचे, आणि पाणी शुद्ध करण्याचे काम त्या खडकांतल्या सूक्ष्म जीवांवर सोपवायचे. यंत्रे पुष्कळ बदलली, पण ते काम करणारे अजून तेच आहेत.

आमच्या घरची 200 लिटरची टाकी, घर बदलल्यापासून, पाच वर्षे कोरडी उभी होती. ती पुन्हा सुरू करायची तर मोठीच करावी असे आम्ही ठरविले. वर 400 लिटरची नवी टाकी, आणि जुनी टाकी तिच्या खाली, गाळण्यासाठी, अर्धी भरलेली. पाणी जितके अधिक तितके ते सावकाश बिघडते आणि सावकाश तापते. मोठ्या टाकीचा खरा लाभ हाच. मात्र पाणी, काच, खडक आणि घडवंची मिळून वजन अर्ध्या टनाच्या वर जाते. तेव्हा पहिला सल्ला माशाच्या दुकानदाराचा घेऊ नये, घर बांधणाऱ्या जाणत्याचा घ्यावा.

जुन्या सामानातले काय ठेवावे? वाळू टाकून द्यावी. खडक ठेवावेत, पण ते जिवंत राहिलेले नसतात. त्यांच्या छिद्रांत वाळलेल्या जीवांचे अवशेष असतात; त्यांतून फॉस्फेट सुटते आणि त्यावर शेवाळ माजते. म्हणून खडक घासून, पाणी बदलीत, काही आठवडे भिजत ठेवावेत. पूर्वी टाकीत तांब्याचे औषध वापरलेले असेल, तर ते खडक पुन्हा घेऊच नयेत. तांबे दगडात मुरते आणि झिंगे, गोगलगायी यांना ते विषच आहे.

आता पाणी. समुद्राच्या एका लिटरात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. आमच्या 500 लिटरांना त्या हिशेबाने साडेसतरा किलो लागले. स्वयंपाकघरातले मीठ चालेल का, असे आम्हांला नेहमी विचारतात. चालत नाही. समुद्राच्या क्षारांत सोडियम व क्लोरीन यांचा वाटा सुमारे 85 टक्के. उरलेल्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादी असतात, आणि त्यांच्यावाचून शंख घडत नाही, पोवळे वाढत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन, विहिरीच्या पाण्यात जडपणा. म्हणून पाणी आधी पडद्याच्या यंत्रातून गाळून घ्यावे. पुढे टाकीतले पाणी उन्हाने आटते, पण क्षार मागेच राहतात. यास्तव रोजची भर गोड्या पाण्याची घालावी, खाऱ्या पाण्याची नव्हे.

इतके झाले, दिवे लागले, पंप फिरू लागला, की घरातली मुले विचारतात, मासे केव्हा? इथेच खरी कसोटी आहे. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया होतो; तो थोडाही घातक असतो. एक जातीचे जंतू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जंतू त्याचे नायट्रेट करतात, ते पुष्कळ सौम्य. आणि ते पाणी बदलून कमी करता येते. हे जंतू कोरड्या टाकीत नसतात. रिकाम्या टाकीत थोडा अमोनिया घालून त्यांना वाढू द्यावे लागते, आणि याला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. रोज पाण्याची परीक्षा करावी. आधी अमोनिया चढतो आणि उतरतो, मग नायट्राइट चढते आणि उतरते. दोन्ही शून्यावर आल्यावाचून एकही मासा आणू नये. बाजारात फेस काढून घाण वेगळी करणारे यंत्र मिळते, उत्तम दिवे मिळतात. हे सहा आठवडे मात्र पैसे मोजून चुकविता येत नाहीत.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती ऋतूची. या टाकीचे पाणी 25-26 अंशांच्या आसपास राहिले पाहिजे, आणि देशावर वैशाखात पारा चाळिशी गाठतो. म्हणून पाणी गार करणारे यंत्र हवे. वीज गेली तर हवा सोडणारा, बॅटरीवर चालणारा छोटा पंप हाताशी हवा.

शेवटी, टाकीत ठेवावे काय? 2001 साली आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत खडक घडविणारी सर्व प्रवाळे, काळी प्रवाळे, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे घातले गेले. दुकानदार चोरून देऊ करील, घेऊ नये. हा निर्बंध कोणाला जाचक वाटेल, म्हणून त्यामागचे कारण सांगतो. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाहून समुद्र एखाद्या अंशाने अधिक तापला आणि काही आठवडे तसाच राहिला, तर पोवळी आपल्या अंगातले शेवाळ गमावून पांढरी पडतात, आणि पुष्कळशी मरतात. लक्षद्वीपच्या प्रवाळांनी हे 1998, 2010 आणि 2016 साली भोगले. प्रवाळ आपल्या मालवणच्या समुद्रातही आहेत. आधीच होरपळलेल्या घरातून आपण हौसेखातर एक वीट काढावी काय?

आमच्या टाकीत म्हणून खडक आहेत, शेवाळ आहे, गोगलगायी आहेत, आणि पैदासकेंद्रात जन्मलेले दोन विदूषक मासे आहेत. या माशांची पैदास बंदिस्त पाण्यात करण्याचे तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने सिद्ध केले आहे, तेव्हा ते समुद्रातून ओरबाडण्याचे कारण उरलेले नाही.

ज्यांच्या घरी माळ्यावर अशी टाकी पडून असेल, त्यांनी ती जरूर उतरवावी. मात्र उतरविण्यापूर्वी वर्षाचे बारा महिने, सुट्टीत आणि लग्नसराईतही, तिच्याकडे कोण पाहील हे घरात ठरवून घ्यावे. ते ठरत नसेल, तर टाकी माळ्यावरच बरी.