अंतःकरणाची निर्मळता

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या त्रिदिन प्रार्थनेच्या दुसऱ्या सायंकाळीं दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाची तयारी पाहून आमचें मन भरून येतें. देवालयास नवा रंग लागला, घंटेचा दोर बदलला, आणि वेदीवरील पितळी दीपदानें तर भगिनींनीं चिंच लावून इतकीं घांसलीं आहेत कीं त्यांत आपलें तोंड दिसावें. बाहेरचें सर्व स्वच्छ झालें. आतां राहिलें तें आंतलें, आणि त्याविषयींच आज चार शब्द बोलावे असें आम्हीं योजिलें आहे.

संत मत्तयाच्या शुभवर्तमानांतील पांचव्या अध्यायांत प्रभूनें ज्या आठ धन्यता सांगितल्या, त्यांपैकीं सहावी निर्मळ अंतःकरणाच्या लोकांविषयीं आहे. तिला जोडलेलें अभिवचन म्हणजे प्रत्यक्ष देवाचें दर्शन. याहून मोठें दान माणसानें मागावें तरी कोणतें? परंतु हा विषय निघतांच पुष्कळांस केवळ सहावी आज्ञा आठवते. तरुण मान खालीं घालतात आणि वृद्ध निर्धास्त होतात, जणूं आपला यांत कांहीं संबंधच नाहीं! देहाची व दृष्टीची शुचिता हा या निर्मळतेचा मोठा भाग आहे, यांत संशय नाहीं. पूर्वीं जें दार लावून घराबाहेर ठेवितां येई, तें आतां मोबाईलच्या द्वारें मुलांच्या उशाखालीं येऊन बसतें. आईबापांनीं याबाबतींत डोळ्यांत तेल घालून जागावें. तथापि १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथांत नवव्या आज्ञेच्या विवेचनांत निर्मळतेचीं मुख्य क्षेत्रें तीन सांगितलीं आहेत: प्रीति, शुचिता आणि सत्याची व खऱ्या श्रद्धेची आवड. मधल्याची आपण पुष्कळ चर्चा करतों. पहिलें आणि तिसरें सोयीस्करपणें विसरतों.

संत ऑगस्टिन यांनीं डोंगरावरील प्रवचनावर भाष्य लिहिलें आहे. त्यांत ते निर्मळ अंतःकरण म्हणजेच साधें अंतःकरण असा अर्थ करितात. लॅटिन भाषेंतील त्या शब्दाचा मूळ भाव एक घडीचें, दुहेरी नव्हे तें, असा आहे. दुहेरी वस्त्राच्या अस्तरांत काय शिवलें आहे हें बाहेरून दिसत नाहीं. एकेरी वस्त्र उजेडांत धरलें कीं आरपार दिसतें. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया हे फिलिपाईन्समधून जपानांत गेलेल्या फ्रान्सिस्कन बंधूंचे दुभाषे होते. दोन भाषा बोलणारी जीभ, पण अंतःकरण एक, असें त्यांचें वर्णन करावेंसें वाटतें. त्याच एका अंतःकरणासाठीं ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं ते नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर चढले, आणि १८६२ सालीं ख्रिस्तसभेनें त्यांस संत म्हणून घोषित केलें.

आपण मात्र एकच भाषा बोलून दोन अंतःकरणें बाळगतों.

जॉन कॅसियन यांनीं इजिप्तच्या अरण्यांतील तपस्व्यांचीं संभाषणें लिहून ठेविलीं आहेत. त्यांतील पहिल्याच संभाषणांत मोशे नांवाचे वृद्ध मठवासी शेतकऱ्याचा दाखला देतात. शेतकऱ्यास शेवटीं हवें असतें तें भरलेलें खळें. पण रोज त्याची नजर असते ती तण काढून शेत साफ ठेवण्यावर. तसेंच आपलें अखेरचें साध्य देवाचें राज्य, आणि रोज नजर ठेवावयाची ती अंतःकरणाच्या निर्मळतेवर. तेच वृद्ध पुढें सांगतात कीं मोठी संपत्ति टाकून अरण्यांत आलेले कित्येक जण तेथें एखाद्या चाकूवरून किंवा सुईवरून रागावतात! सोळाशें वर्षांपूर्वींचें हें निरीक्षण वाचतांना आम्हांस हंसूं आलें, आणि मग हंसूं आवरलें. देवालयाच्या छपरासाठीं हजारों रुपये आनंदानें देणारे, आणि हातभर बांधासाठीं सख्ख्या भावाशीं बारा वर्षें न बोलणारे आपल्यांत नाहींत काय? जमिनीचे भाव वाढले तसे हे अबोलेहि वाढले. आम्हांस हें पापनिवेदनांतून समजलें असें कोणीं मानूं नये. तेथील मोहर कधीं फुटत नाहीं. हें आम्हांस वेदीवरूनच दिसतें. मिस्सामध्यें शांति देण्याच्या वेळीं कोणाचा हात कोणाकडे जात नाहीं, आणि कोण नेमका त्याच क्षणीं प्रार्थनापुस्तक चाळूं लागतो, हें वेदीवरून फार स्पष्ट दिसतें.

ज्येष्ठ मंडळींस बावखलें आठवत असतील. आमच्या लहानपणीं वाडीवाडींत तीं भरलेलीं असत. रहाटानें पाणी काढून केळी, पानमळे आणि फुलझाडें शिंपीत. पावसाळ्याच्या तोंडाशीं गाळ काढण्याचा दिवस येई. पुरुष कमरेइतक्या चिखलांत उतरत, टोपल्या हातोहात वर येत, आणि तो काळा गाळ केळींच्या बुंध्याशीं पडे. आम्हां मुलांस त्या दिवशीं शाळेची आठवण राहत नसे! त्या चिखलांत काय काय सांपडे: हरवलेला तांब्या, कोणाचा विळा, एकदां तर आमच्या आजीनें ज्याच्या चोरीचा आळ शेजारणीवर घेतला होता तो पितळी गडवा. आजीनें तो गडवा राखेनें घांसला, आणि त्यांत शेजारणीकडे ताक नेऊन दिलें. पुढें विजेचे पंप आले, रहाट थांबले. उपसा थांबला तसें पाण्यावर शेवाळ धरलें, मग त्यांत केरकचरा पडूं लागला, आणि मग एके दिवशीं मातीची गाडी येऊन बावखल बुजविलें गेलें. अशीं किती तरी गेलीं. तें बुजतांना कोणास दुःख झालें नाहीं, कारण तोंवर त्यास दुर्गंधि येऊं लागली होती, आणि तें आपल्या हयगयीनें आली हें कोणाच्या ध्यानांत राहिलें नव्हतें.

आतां आमच्याच बावखलांतील गाळाविषयीं सांगितलें पाहिजे. ज्या बंधूचा यांत संबंध आहे, त्याची संमति घेऊनच हें सांगत आहों.

चार वर्षांपूर्वीं आषाढांतील एका रात्रीं दोनच्या सुमारास फोन आला, कीं एका घरची वृद्ध माता अत्यवस्थ आहे, फादरांनीं ताबडतोब यावें. त्या माउलीस त्या वर्षांत तीन वेळां अशाच घाईनें बोलावणें येऊन आम्हीं अभ्यंगसंस्कार दिला होता, आणि तिन्ही वेळां ती दुसऱ्या दिवशीं उठून बसली होती. बाहेर पाऊस कोसळत होता. आम्हीं “येतों” म्हटलें, आणि पहांटेपर्यंत निघालों नाहीं. पोहोंचलों तेव्हां श्वास चालू होता, पण वाचा गेली होती. अभ्यंग केला, पापक्षमा दिली. ख्रिस्तशरीर, ती वाटेची शिदोरी, तिला गिळतां आली नाहीं. धर्मगुरूंशीं कांहीं बोलावयाचें आहे असें ती रात्रभर म्हणत होती, हें आम्हांस मागाहून कळलें.

तिच्या मुलानें महागुरुस्वामींस तक्रार लिहिली. त्यांनीं आम्हांस विचारिलें, तेव्हां आम्हीं उत्तर धाडिलें कीं रस्त्यावर पाणी भरलें होतें. रस्त्यावर पाणी भरलें होतेंच. त्या उत्तरांत एक अक्षर असत्य नव्हतें, आणि तें उत्तर सर्वस्वीं खोटें होतें.

त्यानंतर दर रविवारीं तो बंधु ख्रिस्तशरीर घेण्यास समोर येई. आम्ही त्याच्या हातावर प्रभु ठेवीत असूं, आणि नजर त्याच्या मागच्या माणसावर ठेवीत असूं. त्याच्या गल्लींत घरें आशीर्वादित करण्यास सहकारी धर्मगुरूंस पाठवीत असूं, व कोणीं विचारल्यास गुडघेदुखीचें निमित्त सांगत असूं. याच काळांत आम्हीं क्षमेवर प्रवचनें दिलीं. कित्येकांनीं तीं चांगलीं झालीं असेंहि सांगितलें.

गेल्या उपवासकाळांत महोत्सवानिमित्त प्रत्येक घरीं स्वतः जाण्याचें आम्हीं जाहीर केलें. त्या घराची पाळी सर्वांत शेवटीं आली, खरें म्हणजे आम्हींच ती शेवटीं आणिली. त्यानें खुर्ची दिली, त्याच्या पत्नीनें पाणी आणिलें. इकडच्या तिकडच्या गोष्टी संपल्या, तेव्हां आम्हीं म्हटलें, “त्या रात्रीं येतां आलें असतें. आम्ही निजून राहिलों.” तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “फादर, मला एवढेंच ऐकावयाचें होतें. आई काय सांगणार होती, तें मात्र आतां कोणास कळणार नाहीं.” त्यानें आम्हांस क्षमा केली. त्याचें दुसरें वाक्य आमच्यापाशीं राहिलें आहे, आणि तें राहावें हेंच योग्य.

दाविद राजानें मोठें पाप केल्यावर जें स्तोत्र गाइलें, त्यांत तो शुद्ध अंतःकरण मागतो. आणि तेथें जें हिब्रू क्रियापद आहे, तेंच उत्पत्तीच्या पहिल्या ओळींत देवानें आकाश व पृथ्वी निर्मिली असें सांगतांना आलें आहे. म्हणजे जुनें अंतःकरण घांसून उजळूं असें दाविद म्हणत नाहीं. जें देवच करूं शकतो तें तो देवाकडे मागतो. आपल्याकडे काम उरतें तें गाळांत उतरण्याचें.

त्यासाठीं संत इग्नाती लोयोला यांच्या अध्यात्मसाधनेंत, ज्या ग्रंथास १५४८ सालीं पोप तिसरे पॉल यांनीं मान्यता दिली, सद्सद्विवेकाच्या दैनिक परीक्षेची रीत घालून दिलेली आहे. ती सविस्तर सांगण्याची ही वेळ नव्हे. रात्रीं घरांत रोझरी झाल्यावर, दिवा मालविण्यापूर्वीं, पांच मिनिटें पुरेत. पवित्र आत्म्याजवळ उजेड मागावा आणि स्वतःस दोन प्रश्न विचारावे. आज माझ्या डोळ्यांनीं कोणास चुकविलें? आणि आज मीं कोणतें खरें वाक्य लबाडीनें उच्चारिलें? आमचा अनुभव असा कीं पहिल्या आठवड्यांत उत्तर येत नाहीं, आणि दुसऱ्यांत झोंप येत नाहीं.

उद्यां शनिवार. दुपारीं चार वाजल्यापासून दोन पाहुणे धर्मगुरू पापनिवेदन ऐकण्यास बसतील, ज्यास आपले वडील कुमसार म्हणत. ते रात्रीं आठपर्यंत थांबतील, आणि रांग असली तर पुढेंहि. ज्यांस प्रथम कोणाच्या घरीं जाऊन यावयाचें आहे, त्यांनीं आज रात्रींच जावें. पाऊस नाहीं, रस्ते कोरडे आहेत. मात्र रांगेंत पहिला क्रम कोणीं धरूं नये, तो आम्हीं मागून घेतला आहे.