चौतिसा यंत्राची बेरीज



दिवाळीच्या वहीपूजनात नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने नऊ घरांचे पंदरिया यंत्र काढण्याची चाल अनेक व्यापारी पेढ्यांवर आहे. खंडाळ्यासारख्या बाजारगावात गादीच्या मागे ताम्रपत्रावर कोरलेले यंत्र टांगलेलेही दिसते. त्याला हात जोडले जातात. त्यावरचे आकडे मिळवून पाहणारा मात्र विरळा. दिवसभर हिशेब जुळविणाऱ्या समाजात असे व्हावे, हे नवल आहे.

या कुळातील अतिशय प्रसिद्ध कोरीव यंत्र मध्य प्रदेशातील खजुराहो येथील पार्श्वनाथ जिनालयाच्या प्रवेशद्वाराशी आहे. मंदिर दहाव्या शतकातील. तेथील शिलालेखात विक्रम संवत १०११, म्हणजे इ.स. ९५४, असा काळ दिला आहे. यंत्रातील सोळा घरे अशी :

७ १२ १ १४
२ १३ ८ ११
१६ ३ १० ५
९ ६ १५ ४

आडवी, उभी वा कर्णाची कोणतीही ओळ मिळवावी. उत्तर ३४ येते. त्याचे कारण सरळ आहे. १ ते १६ या अंकांची बेरीज १३६, ती चार ओळींत सारखी वाटली की प्रत्येकीस ३४. परंतु कोरणाऱ्याचे कसब त्यापुढचे आहे. शेजारशेजारची कोणतीही चार घरे चौकोनाने घ्यावीत, तरी बेरीज ३४च. तिरप्या दिशेने एक घर सोडून पलीकडचा अंक मिळविला तर १७ : सातास दहा, तेरास चार, बारास पाच.

आता थोडे दूर, जर्मनीत जावे लागेल. आल्ब्रेख्त ड्यूरर या चित्रकाराने १५१४ साली तांब्याच्या पत्र्यावर कोरून ‘मेलेन्कोलिया’ हे चित्र छापले. विषण्ण बसलेली पंखधारी स्त्री, भोवती तराजू, वाळूचे घड्याळ, कर्कटक, धातू वितळविण्याची मूस, आणि भिंतीवर सोळा घरांचे यंत्र. बेरीज तीच, ३४. तळच्या ओळीत मधोमध १५ आणि १४ शेजारी ठेवून त्याने चित्राचे साल गुंफले आहे. मात्र त्याच्या यंत्रात शेजारची कोणतीही चार घरे घेतली तरी ३४ येतातच असे नाही; खजुराहोचे यंत्र त्या बाबतीत सरस ठरते. त्या काळच्या युरोपातील गूढविद्येत सोळा घरांचे यंत्र गुरू ग्रहाचे आणि गुरूचा धातू कथील मानीत. शनीमुळे येणाऱ्या विषण्णतेवर गुरूचा उतारा, असा त्या चित्राचा एक अर्थ अभ्यासक लावतात.

तेथील किमयागारांची पुढची चित्रे तर जाणूनबुजून अबोल ठेवलेली. १६७७ साली फ्रान्समध्ये निघालेल्या ‘म्यूटस लिबर’ या ग्रंथात पंधरा चित्रे आहेत, शब्द जवळजवळ नाहीतच. याउलट सिद्धचक्र यंत्रात प्रत्येक पाकळीत पदाचे नाव स्वच्छ अक्षरांत कोरलेले असते. श्वेतांबर परंपरेत अरिहंत श्वेत, सिद्ध रक्त, आचार्य पीत, उपाध्याय हरित, साधू श्याम, हे रंगही ठरलेले. वाचणाऱ्याने वाचावे आणि त्यावर ध्यान करावे, हीच अपेक्षा.

धातू आणि अंक या दोहोंचा खरा जाणकार आपल्याच परंपरेत होऊन गेला. ठक्कुर फेरू हे जैन श्रावक अल्लाउद्दीन खिलजीच्या काळात दिल्लीच्या टांकसाळीशी संबंधित होते. त्यांनी नाण्यांची पारख शिकविणारा ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ १३१८ साली लिहिला आणि गणितावरील ग्रंथात अशी यंत्रे रचण्याच्या रीतीही दिल्या. सोने वाढविण्याचा मोह त्यांना नव्हता. नाण्यात सोने किती, हे त्यांना सांगायचे होते.

बाजारात मिळणाऱ्या छापील यंत्रांच्या पाकिटावर मात्र धनलाभाची हमी असते, आणि एखादा आकडा चुकलेला असला तरी ते खपते. घरोघरच्या जुन्या ताम्रपत्रांची अवस्था निराळी. दरवर्षी चिंच आणि राखेने घासून त्यांची अक्षरे झिजत चालली आहेत. कित्येकांवर प्रतिष्ठेचे संवत आणि दात्याचे नाव कडेला बारीक कोरलेले असते, आणि सर्वांत आधी पुसली जाते ती कडाच. येत्या दिवाळीपूर्वी प्रत्येक कुटुंबाने यंत्रावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने हलका ठसा घ्यावा, आकडे मिळवून पाहावेत आणि त्याची एक प्रत मंदिराच्या दप्तरात द्यावी. चिंच त्यानंतर भिजवावी.